पश्चिमेचा व्हरांडा

भाओजी,

तुमचं बारावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो. बाय म्हणाली होती, बहिणीकडे आणखी चार दिवस राहा. पण दारात येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही कसे गेलात ते पहिल्यापासून सांगायचं, त्याने मान हलवायची, चहा घ्यायचा, आणि मग पुढचा माणूस यायचा. मी थकलो होतो. वाटलं, लायब्ररीत तरी कोणी काही विचारणार नाही. तिथे येणारी माणसं फारशी बोलत नाहीत, म्हणून तर मी ती नोकरी धरली.

पालिकेच्या इमारतीत शिरलो तर पश्चिमेच्या व्हरांड्यात दोन माणसं टेप ताणून उभी होती. एक खांबापाशी, दुसरा स्टुलावर चढून तुम्ही वाशांना ठोकून घेतलेल्या लोखंडी आकड्यांपाशी.

"कसलं माप घेताय?" मी विचारलं.

"चौकटीचं, सर. अ‍ॅल्युमिनियमची. वरपासून खालपर्यंत काच बसणार. पावसाच्या आत संपवायचंय."

मी आत गेलो, लायब्ररीचं कुलूप काढलं आणि खुर्चीत बसून राहिलो. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला दुःखसुद्धा झालं नाही. नुसता कंटाळा आला. इतकी वर्षं आपण दोघं ज्यावर भांडलो, ते भांडण तुम्ही मधेच टाकून गेलात, आणि आता दोन्ही बाजू मलाच लढवायच्या होत्या.

शहरात नवीन आलेला माणूस तुम्ही आखलेली ही पालिकेची इमारत बघून विचारतो, हे जुनं घर कोणाचं? तुम्हाला त्याचा केवढा आनंद व्हायचा. तुम्ही त्याला सांगत नव्हता की हे घर नाही आणि जुनंही नाही. चिऱ्याच्या भिंती, त्यांना गिलावा नाही. वर मंगळुरी कौलं, मधे आभाळाला उघडं राजांगण, राजांगणाच्या पोटात पावसाच्या पाण्याची टाकी. जन्माचे दाखले, घरपट्टी, बांधकाम परवाने, सगळं त्या राजांगणाच्या भोवती. एसी कुठेच नाही. मुरगावच्या बंदरात एका कंपनीच्या काचेच्या कचेरीत तुम्ही उमेदीची वर्षं काढलीत. बाहेर ऊन तापायचं आणि आत माणसं स्वेटर घालून बसायची. ती नोकरी सोडून तुम्ही इमारती आखायचं स्वतःचं काम सुरू केलंत, तेव्हा बायने माहेरी येऊन सांगितलं होतं, "ह्यांना आता थंडीचा राग आलाय." आम्ही हसलो होतो. आमच्या कारापूरच्या घरात जावयाची थट्टा करायची पद्धत होती आणि तुम्ही ती खुशाल करून घेत होता.

तुम्ही पेडण्याकडचे. तुमच्या गावच्या घराला पश्चिमेच्या अंगाला दर वैशाखात झाप बांधत. माडाच्या झावळ्या पाण्यात भिजत घालायच्या, उभ्या चिरायच्या, विणायच्या आणि पडवीच्या पुढे पडद्यासारख्या सोडायच्या. पावसाची झड झापावर आपटते आणि खाली गळून जाते. वारा मात्र विणीतून आत येतो. आपल्याकडे हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. पण तेच झाप पालिकेच्या इमारतीला बांधायचे, हे फक्त तुम्हाला सुचलं. तुमची सगळी इमारत त्या एका व्हरांड्यावर उभी होती. झापातून वारा व्हरांड्यात यायचा, तिथून खिडक्यांतून, त्या जाळीच्या जनेलांतून, कचेऱ्यांत, कचेऱ्यांतून राजांगणात, आणि मग तापलेली हवा वर निघून जायची. पश्चिम बंद केली की बाकीचं सगळं नुसतं चिऱ्यांचं खोकं.

तुम्ही पहिल्यांदा मला ते दाखवलंत तो दिवस मला फार आठवतो. भिंती उठल्या होत्या, कौलं चढायची होती. मे महिन्यातली दुपार. तुम्ही उदबत्तीचा अख्खा पुडा पेटवलात आणि तो हातात धरून व्हरांड्यातून आत चालू लागलात, अगदी हळू, धूर कुठे वळतो ते बघत. मी तुमच्या मागे. थोड्या वेळाने मागे वळून बघतो तर सगळे गवंडी पायातल्या चपला काढून हात जोडून आपल्या मागून चाललेले. सावंतवाडीकडचा तो मेस्त्री तर डोळे मिटून पुटपुटत होता. राजांगणात धूर सरळ वर गेला आणि तुम्ही खूश होऊन ओरडलात, "गेलो धूर! वर गेलो!" सगळ्यांनी नमस्कार केला. कोणीतरी धावत जाऊन नारळ आणला आणि तुमच्या पायांशी फोडला.

"भाओजी, सांगा त्यांना," मी म्हणालो.

"काय सांगू? वाऱ्याक नमस्कार केल्यानी, वायट काय?" खोबऱ्याचा तुकडा चावत तुम्ही म्हणालात.

मेस्त्रीने त्याच जागी चिऱ्याचा छोटा चौथरा बांधून टाकला. तुमच्या नकाशात तो कुठेही नव्हता. पालिकेतल्या बायकांनी त्यावर तुळस लावली. त्यानंतर राजांगणावर पत्रे घालून वाहनांची जागा करायचा विषय दोनदा निघाला आणि दोन्ही वेळा तुळशीमुळे बारगळला. तुम्ही म्हणायचात, आपल्याकडे हवा खेळती ठेवायची असेल तर खाली देव बसवावा. व्हरांड्यात मात्र कोणी देव बसवला नाही.

आणि त्या व्हरांड्यालाच लागून माझी लायब्ररी होती.

तुम्हाला ठाऊक होतं मी तुमच्या इमारतीबद्दल काय बोलायचो. तुमच्यासमोर बोलायचो आणि पालिकेच्या बैठकीतही बोलायचो, एकच. बाबूंना तुमचा वारा मानवला, पुस्तकांना नाही. उन्हाळ्यात खाणीवरून ट्रक जायचे तेव्हाची तांबडी धूळ, आणि श्रावणात ती ओल. पानं फुगायची, पुठ्ठे वाकायचे, पाठीवर पांढरी बुरशी धरायची. माझ्याकडे दोन कपाटं अशी आहेत, ज्यातली पुस्तकं मुक्तीच्या आधीची आहेत. पोर्तुगिजांच्या काळात लोकांनी घराच्या माळ्यावर जपलेली मराठी पुस्तकं, जी पुढे त्यांच्या मुलांनी वाचनालयाला दिली. ती पुन्हा कुठे मिळणार नाहीत. मी तुमच्याकडे एकच मागत होतो. एक खोली. वरच्या मजल्यावरची पूर्वेची एक खोली पुरती बंद करून द्या, त्यात ओल शोषणारं एक यंत्र बसवा, जुनी पुस्तकं तिथे ठेवू. बाकी सगळी इमारत राहू दे तुमच्या वाऱ्याला.

तुम्ही कधीच हो म्हणाला नाहीत. कपाटं भिंतीपासून हातभर पुढे घ्या म्हणालात, घेतली. खालून जाळी ठेवा म्हणालात, ठेवली. त्याने फरक पडला, हे मी नाकारत नाही. पण श्रावण काही सुटला नाही.

"मेव्हण्या, आज एक खोली बंद केलंस की उद्या मुख्याधिकारी म्हणतलो, माझी पण करा. मग इंजिनियर. मग सगळेच."

"पुस्तकं आणि मुख्याधिकारी सारखेच काय?"

"पुस्तकां घामेजत नाय."

"पण कुजतात, भाओजी!"

बाय आतून ओरडायची, "जेवा आधी! वाऱ्यान पोट भरूचा नाय!" मग आपण जेवायला बसायचो आणि माशाच्या कढीवर थोडा वेळ तह व्हायचा.

पालिकेत आपली ही भांडणं सगळ्यांना पाठ होती. बाबल शिपाई नव्या माणसाला सांगायचा, "भाओजीचो वारो मेव्हण्याक बाधता." तुम्हालाही ते कोणीतरी सांगितलं. तुम्ही रागावाल असं वाटलं होतं. तुम्ही बाबलला बोलावून चहा पाजलात आणि विचारलंत, "तुका बाधता काय रे?" तो म्हणाला, "माका नाय. मी भायरच असतंय."

ओल आणि बुरशी हे आपल्या भांडणाचं वरचं साल. आत वेगळंच काही होतं. मी म्हणायचो, घराला झाप बांधायचं कारण घराला घरकार असतो, बाईमाणूस असते, पाऊस आत आला तर त्यांचंच अंथरूण भिजतं. पालिकेचा घरकार कोण? नगराध्यक्ष पाच वर्षांत जातो, त्याच्या आतही जातो. मुख्याधिकाऱ्याची बदली होते. दर वैशाखात झावळ्या आणा, विणणाऱ्या बायका शोधा, बांधा, दसऱ्याला सोडा. इतकी काळजी मागणारी इमारत सरकारला देणं म्हणजे दावणीला न बांधता म्हैस देणं. तुम्ही म्हणायचात, घरकार नको, सवय व्हयी. दहा वर्षं बांधले की अकराव्या वर्षी न बांधलेलं लोकांना चुकल्यासारखं वाटेल. ज्या इमारतीला माणसाकडून काहीच लागत नाही, तिच्याकडे माणसं बघायचीच सोडून देतात. हे तुम्ही हळू आवाजात सांगायचात, कौल बसवल्यासारखं, एकेक शब्द जागेवर. मला ते पटायचं नाही. पण ऐकायला आवडायचं.

आणि मग ते झेंडावंदन.

मंत्री येणार होते. आदल्या दिवशी तयारी बघायला आलेल्या एका पाहुण्याने झापांकडे बघून विचारलं, "ही सरकारी कचेरी आहे की मासळीचा मांडव?" झालं. संध्याकाळपर्यंत सगळे झाप उतरवून मागच्या भिंतीपाशी टाकून दिले. फोटो छान आले असं ऐकलं. झेंडावंदन झाल्यावर पुन्हा बांधायचे होते. पण बांधणारी माणसं चतुर्थीच्या खरेदीत, आणि ओले झाप एकावर एक टाकल्यामुळे तुटून गेलेले. त्याच आठवड्यात पश्चिमेकडून झड आली ती सरळ व्हरांडा ओलांडून लायब्ररीतल्या लहान मुलांच्या पुस्तकांवर.

मी तुमच्यावर ओरडलो होतो. पालिकेत, सगळ्यांच्या देखत, थोरल्या बहिणीच्या नवऱ्यावर. तुम्ही तडक निघालात. घरी जाऊन बायला घेऊन आलात. तिने पेटीतल्या चादरी आणल्या. सभागृहाच्या पंख्यांखाली चादरी पसरून आपण तिघांनी पुस्तकं उभी केली, पानं फाकवून. तुम्ही लोणी लावायची बोथट सुरी घेऊन चिकटलेली पानं सोडवत बसलात. मधेच सुरी थांबली म्हणून बघतो तर तुम्ही वाचत होता.

"शेवटची पानां चिकटलीहत," तुम्ही पुस्तक मला दाखवत म्हणालात. "त्या राजकन्येचा काय झाला?"

"ती पळाली."

"बरां केल्यान." आणि पुढचं पुस्तक उचललंत.

मग निघताना, पायऱ्यांवर, छत्री उघडत तुम्ही म्हणालात, "झापांचा दोर सुटायला इतका सोपा केला तो मीच. घरात तो कोणी मधेच सोडत नाही, म्हणून लक्षात आलं नाही." मी म्हणालो, "तेच तर मी इतकी वर्षं सांगतोय." तुम्ही मान हलवलीत. वाटलं, आता तुम्ही हो म्हणाल, आता ती खोली मिळेल. दुसऱ्या दिवशी तुम्ही लोहाराला घेऊन आलात आणि आकडे बदललेत. असे, की शिडीशिवाय सुटणार नाहीत. तुमचं उत्तर ते होतं. तेव्हापासून झाप दसऱ्यापर्यंत टिकले, हेही मी नाकारत नाही.

इस्पितळात तुम्हाला ज्या खोलीत ठेवलं तिची खिडकी उघडत नव्हती. तुम्ही आल्या आल्या हात लावून बघितलंत. अंगावर दोन पांघरुणं घेऊन पडलात आणि छताकडच्या त्या पांढऱ्या पेटीकडे बघत राहिलात.

"भाओजी, शेवटी एसीने तुम्हाला गाठलंच," मी म्हणालो.

तुम्ही हसलात आणि हसता हसता इतके खोकलात की नर्स धावत आली. बायने माझ्याकडे असं बघितलं की मी खोलीबाहेर गेलो. परत आलो तेव्हा तुम्ही विचारलंत, "यंदा झाप कोण विणता?" मी म्हणालो, बघतो. मग का कुणास ठाऊक, मला वाटलं हीच वेळ आहे. म्हणालो, "भाओजी, ती एक खोली तेवढी—" तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. रागाने की दमून, मला कळलं नाही. तेवढ्यात रक्त घ्यायला कोणीतरी आलं. पुढच्या दोन भेटींत तुम्हाला बोलवत नव्हतं, आणि तिसरी झालीच नाही. नको म्हणालात की नुसते दमला होता, एवढं कळलं असतं तरी पुरे होतं. त्यावर मी महिनाभर विचार करतोय.

मापं घेणारी माणसं गेल्यावर नगराध्यक्षा बाईंनी मला बोलावलं. बाई चांगल्या आहेत, हे तुम्हीही म्हणायचात. तुम्ही गेल्यावर घरी येऊन बायजवळ अर्धा दिवस बसून गेल्या. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"सर, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून आधी सांगणार होते. राहून गेलं."

"व्हरांडा बंद करताय?"

"करावा लागेल. काच लावून आत एसी घालायचाय. तुम्हीच सांगा, एप्रिलात दाखल्याच्या रांगेत म्हातारी माणसं उभी असतात, त्यांना घेरी येते. आता पूर्वीचा उन्हाळा राहिला नाही. आणि झाप विणणाऱ्या बायकांनी गेल्या वर्षी सांगितलं, हात दुखतात, यापुढे जमायचं नाही. त्यांच्या सुना तुयेच्या कारखान्यात जातात, त्या कशाला झावळ्या चिरतील?" मग म्हणाल्या, "आणि सर, तुमचं काय? दर पावसाळ्यात पुस्तकं भिजतात, कुजतात, हे बैठकीत उभं राहून तुम्हीच सांगत आलात. ठराव मांडताना तेच पहिलं कारण आहे. गुरुवारी बैठक आहे. तुम्ही दोन शब्द बोला. तुमच्या तोंडून आलं तर कोणी म्हणणार नाही की माणूस गेला आणि लगेच त्याची इमारत मोडायला घेतली."

भाओजी, त्यांचं एकही वाक्य खोटं नव्हतं.

माझं म्हणणंही खोटं नव्हतं. ओल खरी होती, बुरशी खरी होती. मी ते पुन्हा तसंच सांगेन. पण माझी तक्रार तुमच्याशी होती. तुम्ही ऐकून घ्याल, चिडाल, लोहाराला घेऊन याल, म्हणून ती होती. तुम्ही नसताना तिची काच झाली.

बुधवारी संध्याकाळी सगळे गेल्यावर मी राजांगणाच्या कट्ट्यावर बसलो. तुमच्यासारखा धूर वगैरे करून बघितला नाही. नुसता बसलो. मागे व्हरांडा उघडा होता आणि मानेला वारा लागत होता. उकडत होतंच, पण बसवत होतं. मी लायब्ररीत गेलो, जुन्या दोन कपाटांतलं एकेक पुस्तक काढून वास घेतला. कुबट. दोन्ही गोष्टी एकाच इमारतीत खऱ्या होत्या, आणि एका बैठकीत त्यातली एकच सांगायची होती.

गुरुवारी मी बोलायला उभा राहिलो तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "भाओजी गेले, आता मेव्हण्याचं राज्य." दोघेतिघे हसले आणि मग ओशाळून गप्प बसले.

मी म्हणालो की मुक्तीपूर्वीची पुस्तकं या ओलीत आणखी दहा पावसाळे काढणार नाहीत, त्यांना बंद खोली हवी. नगराध्यक्षा बाई मान हलवत होत्या. मी म्हणालो, वरची पूर्वेची खोली पुरती बंद करा, तिथे एक यंत्र बसवा, पुस्तकं वर न्या. आणि व्हरांडा आहे तसा राहू द्या.

एक नगरसेवक उठले. गेली कित्येक वर्षं ते माझ्या बाजूने बोलत आलेत. "सर, मला कळेना. कालपर्यंत तुम्ही बंद करा म्हणत होता. आज उघडं ठेवा म्हणता. माणूस गेला की त्याचं सगळंच बरोबर होतं काय?"

"मी खोली मागत होतो," मी म्हणालो. "व्हरांडा मी कधी मागितला नाही."

"मग रांगेतल्या म्हाताऱ्यांचं काय?"

"काच लावल्यावर एसी आतल्या बाबूंना मिळेल. रांग व्हरांड्यात असते. तिथे काचेच्या आत ऊन कोंडेल. त्यांना बसायला बाकं द्या आणि रांग राजांगणात घ्या, तिथे कडेच्या कौलांखाली सावली आहे." हे मी तुमच्याकडूनच शिकलो होतो, कधी शिकलो ते मला आठवत नाही. इतकी वर्षं विरुद्ध बोलताना आत कुठेतरी ते साठलं असावं.

बराच वेळ गोंधळ झाला. यंत्राचं वीजबिल, छतावरची सौर पॅनेलं ते पेलतील की नाही, पुस्तकं वर नेली तर म्हातारे वाचक जिना कसे चढणार. शेवटी नगराध्यक्षा बाई म्हणाल्या, "खोलीचं ठीक आहे. पण झापांचं काय? व्हरांडा उघडा ठेवला आणि झाप बांधले नाहीत तर पहिल्या झडीला दाखल्यांच्या फाईली वाहून जातील. जबाबदारी कोण घेतो?"

मुख्याधिकाऱ्यांनी मोबाईल काढला. मी बसायच्या बेतात होतो, माझे पाय दुखत होते.

"यंदा मी बघतो," मी म्हणालो.

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी मी निवृत्त होतो."

"बरं," त्या म्हणाल्या. "मग यंदापुरतं."

एवढंच मिळालं, भाओजी. एक पावसाळा. मला विजय वगैरे काही वाटला नाही. तुमच्या सवयीच्या म्हणण्यावर माझा अजून विश्वास नाही. दहा वर्षं केव्हाच उलटली, आणि न बांधलं तर चुकल्यासारखं वाटणारा तिथे मी एकटाच निघालो, म्हणजे तुमचं म्हणणं खरं ठरलं की खोटं, हे मला सांगता येत नाही. झाप विणायला मी आमच्या कारापूरच्या दोन म्हाताऱ्यांना तयार केलंय. एक म्हणाली, "तुझ्या भाओजीक सांग, हो झाप शेवटचो." मी म्हटलं, सांगतो. तुम्ही गेल्याची तिला खबर नव्हती.

संध्याकाळी बायकडे गेलो. ती पायरीवर बसून मुगाचे मोड निवडत होती. मी सगळं सांगितलं. तिने हात थांबवला नाही.

"म्हणजे खोली केलीस बंद," ती म्हणाली.

"केली."

"ह्यांच्या मागे."

"हो."

तिने मुठीतले मोड ताटात टाकले. मग म्हणाली, "हे असते तर दोन दीस तोंड फुगवून बसले असते. माझ्याशी पण बोलले नसते, जसां काय मीच बंद केलंय. मग तिसऱ्या दिवशी सकाळी चाय घेतल्याबरोबर तुझ्याकडे आले असते."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? तू ती खोली चुकीची बंद करशील म्हणून." तिने मोडांचं ताट बाजूला ठेवलं आणि पदराने तोंड पुसलं. "तुका काय कळता त्यातला?"

मला खरंच काही कळत नाही. आज सकाळी सुतार आला. खोली बघितली, भिंतीला हात लावून ओल पाहिली, जनेलांच्या फटी बुजवायला काय लागेल ते सांगितलं. मग उंबऱ्यात उभा राहून त्याने विचारलं, दार आत उघडायचं की बाहेर? मी म्हटलं, काय फरक पडतो? तो म्हणाला, पडतो की, सर, बंद खोली आहे, पावसात लाकूड फुगणार, कपाटं कुठे येणार, हवा कुठून शिरणार, त्याप्रमाणे ठरवायचं. ज्यांनी इमारत बांधली त्यांना विचारा.

मी त्याला उद्या ये म्हणून सांगितलंय. तो गेल्यावर बराच वेळ तिथे उभा राहिलो, एकदा आत तोंड करून, एकदा बाहेर.